फेब्रुवारीत एकटीने जपानमधल्या ओन्सेनला जावं का?

जरूर जा. ओन्सेन म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्यात आंघोळ करायचं ठिकाण. तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाने टोकियोला जाताय, काम आटोपल्यावर तीन दिवस मोकळे आहेत, शुद्ध शाकाहारी आहात, आणि चारचौघींसमोर कपडे काढून पाण्यात उतरायचं म्हटलं की धीर होत नाही. मी जानेवारीत दोन रात्री कुसात्सु या डोंगरातल्या ओन्सेनच्या गावी एकटीच राहून आले, म्हणून तिथलंच सांगते.

एकटीला जायचं तर डोंगरात कुठेतरी एकुलतं हॉटेल असलेलं ठिकाण घेऊ नका. सात वाजता जेवण झालं की तिथे खोलीत बसण्यावाचून काही उरत नाही. जिथे गाव आहे, संध्याकाळी पायी फिरता येतं, असं ठिकाण घ्या. कुसात्सु तसं आहे. गावाच्या मधोमध युबाताके आहे, म्हणजे ५० अंशांहून गरम पाण्याचा मोठा उमाळा. ते पाणी लाकडी पन्हळींतून खेळवत निववतात, कारण थंड पाणी ओतलं तर त्याचा कस जातो. रात्री बर्फ पडत होता आणि खालून वाफेचे लोट वर येत होते. मी कठड्याशी तासभर उभी होते. आजूबाजूला युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालून फिरणारी माणसं, त्यात एकटे आलेलेही बरेच. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता लाजेचं. मी राजापूरकडची. आमच्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळे म्हणतात, राजापूरजवळच्या एका गावाचं नावच ते आहे. लहानपणी आजीबरोबर तिथे अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केलेली, त्यामुळे तुमची धाकधूक मला नेमकी कळते. बायकांचं आणि पुरुषांचं स्नानगृह वेगळं असतं, हे आधी मनात पक्कं करा. कपडे टोपलीत ठेवायचे, केस वर बांधायचे, हातात फक्त छोटा पंचा. हॉटेलात स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं आणि मगच हौदात उतरायचं. गावातल्या छोट्या फुकट स्नानगृहांत साबण-शॉवर नसतो, तिथे बादलीने अंगावर पाणी घेऊन उतरतात. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पहिली दोन मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मग पाहिलं, तर सत्तरीच्या आज्या, बाळंतपणाच्या खुणा पोटावर असलेल्या बाया, शाळकरी मुली, सगळ्या आपापल्या पाण्यात डोळे मिटून. स्वतःच्या शरीराबद्दल इतकी निश्चिंत मी आधी कधी नव्हते, हे मनापासून सांगते. तरीही जमणार नाही असं वाटलं, तर तासाच्या बोलीवर खासगी हौद मिळतो. त्याला काशिकिरी म्हणतात, बुकिंग करतानाच विचारा. पाळी चालू असताना सामायिक हौदात उतरत नाहीत, तेव्हा तारखांचा हिशोब आधीच करा.

खरी काळजी घ्यायची ती उष्णतेची. कुसात्सुचं पाणी कडक तापलेलं असतं आणि आम्लही फार, पीएच साधारण २. पहिल्या संध्याकाळी मी हौसेने वीसेक मिनिटं बसून राहिले. उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या एका आजींनी दंड धरून मला काठावर बसवलं, पायांवर गार पाणी ओतलं, 'नोबोसे, नोबोसे' म्हणत बाटलीतलं पाणी पाजलं. नोबोसे म्हणजे हेच, पाण्याची उष्णता डोक्यात चढणं. सोबत कुणी नसताना हे व्हायला नको, म्हणून तीन-चार मिनिटं बसायचं, बाहेर यायचं, पुन्हा उतरायचं. भरल्या पोटी किंवा दारू पिऊन नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि चांदीचे दागिने खोलीत काढून ठेवा. माझी जोडवी एका आंघोळीत काळी पडली.

जेवणाबद्दल स्पष्टच सांगते, शाकाहारी माणसाला तिथे जड जातं. भाजी, आमटी, सॉस, सगळ्यात दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचं पाणी. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. दाशी चालत नाही हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आणि ते नाही म्हणाले तर 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली घ्या. खोलीत किटली असते. मी मेतकूट, तयार उपम्याची पाकिटं आणि दशम्या नेल्या होत्या. गावात वाफवलेले मांजू मिळतात, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. थंडीत रस्त्यात उभं राहून गरम मांजू खाल्ला तेव्हा घरच्या पुरणाची आठवण झाली.

शनिवारची रात्र टाळा. तेव्हा दर चढतात आणि बऱ्याच जागा एकट्या माणसाला खोलीच देत नाहीत. ११ आणि २३ फेब्रुवारीला जपानात सरकारी सुट्टी असते, त्याच्या आसपासही गर्दी. टोकियोतल्या उएनो स्टेशनहून थेट गाडीने नागानोहारा-कुसात्सुगुची स्टेशन सुमारे अडीच तासांवर आहे, पुढे बसने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. थेट गाड्या दिवसाला मोजक्याच, तेव्हा सीट आधी राखून ठेवा. मोठी बॅग टोकियोच्या हॉटेलात ठेवून पाठीवरच्या पिशवीनेच जा, बर्फात चाकं ओढवत नाहीत. बूट पकड असलेले हवेत. गाव १२०० मीटरवर आहे, पहाटे पारा शून्याच्या बराच खाली जातो.

पण पहाटे एकदा उठाच. साडेपाचला मी युबाताकेजवळच्या शिराहाता-नो-यु या फुकट स्नानगृहात गेले. लाकडी छत, वाफ, आणि मी धरून तिघीजणी. त्यातल्या एकीने पाण्यात हात फिरवून मला जिथे जरा कमी कढत होतं ती जागा दाखवली आणि स्वतः पलीकडे सरकली.