स्वरयंत्र काढल्यावर गळ्याच्या छिद्रातून सतत खोकला, चिकट कफ येतो. काय करावं?

तुमचे वडील देवगडला असतात, कफ छिद्राच्या कडेला सुकून बसतो, आणि कोकणात हवा एवढी दमट असताना हे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या बाबांचंही स्वरयंत्र काढलेलं आहे, म्हणून लिहितोय.

त्यांचा श्वास आता नाकातून नाही, थेट गळ्याच्या छिद्रातून चालतो, म्हणून हवा गरम, ओली करून गाळायचं नाकाचं काम बंद झालंय. फुप्फुसांना ३७ अंशांची, लिटरमागे ४४ मिलिग्रॅम बाष्प असलेली हवा लागते. ऐन पावसाळ्यात २८ अंशांच्या हवेत ते फार तर २७ असतं. दमट हवेवर विसंबू नका.

खरा उपाय एचएमई, म्हणजे छिद्रावर बसवायची छोटी कॅसेट. तिच्यातला स्पंज उच्छ्वासातली ऊब आणि ओल धरतो, ती पुढच्या श्वासाला मिळते. दिवसरात्र लावायची, रोज नवी, धुवायची नाही. सुरुवातीला कोंडल्यासारखं होतं, कफही वाढलाय असं वाटतं. बाबा चिडून काढून टाकायचे. नेटाने लावल्यावर काही आठवड्यांत खोकला उतरला, रात्रीची झोप लागू लागली. खर्च झेपत नसेल तर निदान ओलसर सुती रुमाल बांधा. फायदा कमी, पण छिद्र उघडं ठेवू नका.

सुकलेली खपली ओढायची नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात नॉर्मल सलाईन टाका किंवा नेब्युलायझरने द्या (घरी मीठपाणी करू नका), खोकू द्या. आरसा आणि बॅटरी घेऊन कडेला सैल झालेली दिसेल तेवढीच चिमट्याने उचला. पुसायला टिश्यू नको, त्याचे तंतू आत जातात. उकळत्या पाण्याची वाफही नको, भाजतं.

धुराचं मात्र कडक पाळा. भाजावळ, काजू भाजणं, मोहोरावरची फवारणी चालू असेल तेव्हा त्यांना घरात, दारं लावून बसवा. मिरचीची फोडणीसुद्धा थेट श्वासनळीत जाते.

खोकला पाणी पितानाच येत असेल आणि बोलण्यासाठी व्हॉल्व बसवला असेल, तर तो गळतोय का ते तपासून घ्या. कफात ताजं रक्त, दम लागणं, न सुटणारी खपली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जवळच्या आरोग्य केंद्रात आधीच सांगून ठेवा, वडिलांच्या खिशातही चिठ्ठी ठेवा: ऑक्सिजन नाकातोंडाला नाही, गळ्याच्या छिद्राला लावायचा.