वियोगाचे दुःख आणि बुद्धविचाराची ओढ

प्रश्न : महोदय, मी दापोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या वर्षी यजमान दीर्घ आजाराने गेले. त्यांच्या आजारपणात ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, नवस बोलले, पण काही फळाला आले नाही. पुढे बुद्धचरित्र वाचनात आले आणि पुष्कळ दिवसांनी मन थोडे स्थिर झाले. जाऊबाई म्हणतात, ‘ज्या धर्मात मागायला देवच नाही, तिथे आधार कसला?’ आमच्या घरी गणपती असतो, शिमग्याला पालखी येते. माझी ही ओढ खरी आहे, की ती केवळ दुःखापासून पळवाट आहे? आणि घरच्या रीती मोडाव्या लागतील का?

उत्तर : ओढ दुःखातून निर्माण झाली म्हणून ती पळवाट ठरते, असे मला वाटत नाही. सारनाथच्या पहिल्या उपदेशात दुःख म्हणजे काय हे सांगताना बुद्धांनी जन्म, जरा, व्याधी आणि मरण यांच्या जोडीला प्रियजनांचा वियोगही स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. तुमचे दुःख त्या उपदेशाच्या आरंभीच आहे, आणि ते कोणाच्या कोपामुळे आले किंवा तुमच्या भक्तीत काही उणे राहिले म्हणून आले, असा ठपका तेथे कोणी ठेवलेला नाही. मला स्वतःला या विचाराने प्रथम धरून ठेवले ते याच कारणाने. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील एका सुत्तात, म्हणजे उपदेशात, म्हटले आहे की, अजाण माणसाला एक बाण लागल्यावर लगेच दुसराही लागतो. पहिली वेदना शरीराची असते आणि दुसरी मनाची. ‘वेळीच मुंबईला नेले असते तर’, ‘नवस बोलताना काही चुकले का’, असे जे प्रश्न आपल्याकडे मर्तिकाच्या घरात महिनोन्‌महिने घुमत राहतात, ते त्या दुसऱ्या बाणाचे आहेत. यजमानांची आठवण येणे थांबणार नाही आणि थांबूही नये. मात्र स्वतःला दोष देत राहण्याची ही सवय ओळखता येते, आणि ओळखता आली की हळूहळू सुटते.

जाऊबाईंचा प्रश्न मात्र मी हलका मानणार नाही. गाऱ्हाणे घालताना सारा गाव आपल्या पाठीशी उभा असतो, आणि तो आधार खराच असतो. बुद्धांनी दिलेला आधार निराळ्या जातीचा आहे. त्यांचा शिष्य पुण्ण सुनापरान्त प्रांतात जायला निघाला, तेव्हा बुद्धांनी विचारले की, तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर तुला काय वाटेल? पुण्ण म्हणाला, ‘हाताने मारत नाहीत, एवढे ते भले आहेत, असे वाटेल.’ मग हाताने मारले तर, ढेकळांनी मारले तर, काठीने, शस्त्राने मारले तर, असे प्रश्न वाढत जातात आणि पुण्ण त्याच शांतपणे उत्तरे देत राहतो. बुद्ध त्याला रक्षणाचे वचन देत नाहीत. त्याच्या मनाची तयारी पाहतात आणि जायला अनुमती देतात. सुनापरान्ताचा संबंध अपरान्ताशी, म्हणजे आपल्या कोकणपट्टीशी जोडला जातो, आणि संस्कृत बौद्ध कथांमध्ये हाच पुण्ण ‘पूर्ण’ या नावाने येतो आणि तो शूर्पारकचा, आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी आहे. त्यामुळे ही कथा मला फार जवळची वाटते. असा आधार सरावाने येतो आणि उशिरा येतो, हे जाऊबाईंजवळ मोकळेपणाने मान्य करावे.

रीतींविषयी मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली संग्रहातील उपाली गृहपतीची गोष्ट उपयोगी आहे. तो निर्ग्रंथांचा, म्हणजे जैन मुनींचा, अनुयायी होता. त्याने बुद्धांना शरण जाण्याची इच्छा दर्शवली, तेव्हा बुद्धांनी त्याला नीट विचार करण्यास सांगितले आणि इतकी वर्षे ज्या मुनींना तो भिक्षा देत आला, त्यांना ती पुढेही देत राहावी, असे सुचवले. वाचन, ध्यान आणि पंचशीलाचे, म्हणजे सदाचाराच्या पाच नियमांचे, पालन यांसाठी तुम्हाला आज काहीही मोडावे लागणार नाही. दीक्षा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. ती घेऊन पुन्हा घरी गणपती पूजणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बाबासाहेबांचे नाव येथे आवर्जून घेतो, कारण तुमच्या पत्रात मनःशांतीविषयी पुष्कळ आहे आणि समतेविषयी काहीच नाही. त्यांचे मूळ गाव आंबडवे तुमच्या शेजारच्याच मंडणगड तालुक्यात आहे, आणि २० मार्च १९२७ रोजी ज्या चवदार तळ्याचे पाणी ते प्याले, ते महाडही तुमच्यापासून दूर नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी ज्यांना नाकारले गेले, त्यांच्यासाठी बुद्धाची ओढ ही माणूस म्हणून उभे राहण्याची ओढ होती. तुमच्या परिसरात बौद्धवाडी असेल, तर तेथील कित्येक घरांत हा धम्म आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत जगला जात आहे. तेथील विहारातील वंदनेला जाण्याची इच्छा आधी कळवा, जाऊबाई तयार असतील तर त्यांनाही सोबत न्या, आणि देवाकडे न मागता दुःखाचे दिवस कसे काढले, हे तेथील वडीलधाऱ्या बायकांना विचारा.