व्ह्यूअर मध्येच कोसळतो

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): सी++ मधला थ्रीडी व्ह्यूअर पायबाइंड११ या जोडणी-लायब्ररीने पायथनला जोडलाय. मॉडेल दिसते, पण थोड्या वेळाने नुसता 'सेगमेंटेशन फॉल्ट' येऊन सगळे बंद पडते.

उत्तर: सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे प्रोग्रॅमने नको त्या मेमरीला हात लावला. हे पायथनचे एक्सेप्शन नव्हे, त्यामुळे ट्राय-एक्सेप्टच्या हाती लागत नाही. स्क्रिप्ट '-एक्स फॉल्टहँडलर' देऊन चालवा. कोसळताना पायथनची कोणती ओळ चालू होती ते छापले जाईल. उशिरा कोसळतोय म्हणजे संशय मेशवर (मॉडेलच्या आकाराचा डेटा): फंक्शन संपताच पायथनने तो मोकळा केला, व्ह्यूअरकडे मात्र कच्चा पॉइंटर, म्हणजे मेमरीचा नुसता पत्ता, उरला. मेश ग्लोबल व्हेरिएबलमध्ये धरून पाहा. कोसळणे थांबले, तर चोर सापडला! मग मेश जोडणाऱ्या मेथडच्या बाइंडिंगमध्ये (ती पायथनला जोडणाऱ्या सी++ कोडमध्ये) 'कीप_अलाइव्ह<1, 2>' टाका. इथे 1 म्हणजे व्ह्यूअर, 2 म्हणजे मेश; व्ह्यूअर असेपर्यंत मेश मोकळा होत नाही. आकडे उलटे पडले तर कंपायलर चकार शब्द काढत नाही.