गाडीवरचे काँक्रीट खरवडण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. ठाण्यातील आपल्या सोसायटीला लागून असलेल्या इमारतीच्या पुनर्विकासाचे काम सुरू आहे. बारा दिवसांपूर्वी तेथे रात्री स्लॅब भरताना उडालेले काँक्रीट आपल्या दोन वर्षे जुन्या गाडीवर पडले आणि सकाळपर्यंत बॉनेट, टप व डावीकडच्या दोन्ही दारांवर वाळून घट्ट बसले. गाडी आपल्याच आवारात, आपल्याला नेमून दिलेल्या जागी उभी होती. साइटवरच्या सुपरवायझरने पाठवलेल्या माणसाने तारेची घासणी आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिड घेऊन बॉनेटचा कोपरा घासला, तेव्हा ठिपके तसेच राहिले, ओरखडे मात्र उठले, आणि आपण त्याला थांबवले. आता बिल्डर ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार पाच हजार रुपये देऊन ‘पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर सही मागतो, पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून दिवाणी न्यायालयाची वाट दाखवली आहे, आणि गाडी लगेच साफ करून घ्यावी की तशीच ठेवावी, हे आपल्याला समजेनासे झाले आहे.

त्या माणसाला थांबवलेत हे फार योग्य केलेत. त्या कागदावर सही करू नका. गाडी साफ अवश्य करून घ्या, परंतु नुकसानीची नोंद झाल्यावर, आणि ती नोंद येत्या तीन-चार दिवसांत उरकून घ्या.

या क्रमाला महत्त्व आहे, कारण येथे कायद्याच्या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. ज्याचे नुकसान झाले त्याने ते वाढू न देण्यासाठी वाजवी प्रयत्न केले पाहिजेत, अन्यथा वाढलेल्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. आणि ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने, तसेच घट्ट झालेल्या थरात वाळूचे कण असल्याने, जितका काळ आणि जितकी घासाघीस तितका रंग जाणार, हे उघड आहे. दुसरीकडे, नुकसान कशामुळे झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, आणि आपल्या बाबतीत तो थर हाच सर्वांत बोलका पुरावा आहे. माझ्याकडे आलेल्या अशाच एका प्रकरणात पक्षकाराने घाईने गाडी स्वच्छ करून घेतली होती; हाती राहिले फक्त पॉलिशचे बिल, आणि ओरखडे पॉलिश करणाऱ्यानेच पाडले, या प्रतिपक्षाच्या म्हणण्याला आम्हाला नेमके उत्तर देता आले नाही. आपल्यावर ती वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून सोसायटीच्या सचिवांना आणि शक्य असल्यास एका त्रयस्थ शेजाऱ्याला बोलावून, दिवसाच्या उजेडात, नंबरप्लेट आणि मागे शेजारची इमारत दिसेल असे फोटो काढा. त्यानंतर ठिपक्याशेजारी मोजपट्टी ठेवून जवळून काढा. तारेने घासलेल्या कोपऱ्याचे फोटो निराळे असू द्यात, कारण ते नुकसान दुसऱ्या कृत्याचे आहे आणि तो माणूस साइटवरून आला होता हे सांगणारा साक्षीदार आपल्याला लागेल. डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या केंद्रात रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारे यंत्र असते. डाव्या दारांचे आणि ज्यांना काही झाले नाही त्या उजव्या दारांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून घ्या, आणि कोणता पत्रा रबिंग-पॉलिशने सुधारेल व कोणता पुन्हा रंगवावा लागेल हे कोटेशनमध्ये कारणासह नमूद करायला सांगा. एक सुटलेला खपला पाकिटात घालून त्यावर तारीख व साक्षीदारांच्या सह्या घ्या. इतके झाले की सफाईला हरकत नाही. ती मात्र काँक्रीट विरघळवणारे द्रावण वापरून जाणकाराकडूनच करवून घ्या.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण आजच लेखी मागा, कारण जुने चित्रण यंत्रावरून आपोआप पुसले जाते. न्यायालयात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

आता जबाबदार कोण? स्वतंत्र ठेकेदाराच्या हलगर्जीपणासाठी काम देणारा सहसा जबाबदार नसतो, हा नियम बिल्डर पुढे करील. परंतु जे काम मुळातच शेजाऱ्याला उपद्रव देण्यासारखे आहे, तेथे खबरदारी घेतली जाते की नाही हे पाहण्याचे कर्तव्य दुसऱ्यावर ढकलून मोकळे होता येत नाही, आणि वरच्या मजल्यावर दाटीच्या वस्तीत स्लॅब भरणे हे असेच काम आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकामे सर्व बाजूंनी हिरवे कापड, ताग किंवा ताडपत्रीने झाकण्याच्या सूचना दिल्या होत्या. त्या मुंबईपुरत्या असल्या, तरी वाजवी काळजी म्हणजे काय, हे दाखवायला त्या उपयोगी पडतात. दोघांपैकी कोणाकडून भरपाई मिळेल याची खात्री नसेल तेव्हा दोघांनाही प्रतिवादी करण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 7 मध्ये आहे. ती अवश्य वापरा.

पोलिसांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खालील आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस, सिद्ध होण्यासाठी हेतू किंवा जाणीव लागते. निव्वळ निष्काळजीपणा पुरत नाही. तरीही त्या नोंदीची प्रत घ्या, तारीख निश्चित करायला ती कामी येते. ग्राहक आयोगाकडे बिल्डरविरुद्ध जाता येणार नाही, कारण आपण त्याची सेवा मोबदला देऊन घेतलेली नाही.

आपल्या विमा पॉलिसीत स्वतःच्या गाडीचे नुकसान समाविष्ट असेल, तर ‘बाह्य कारणाने झालेला अपघात’ या सदराखाली दावा मांडता येईल. परंतु झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा संरक्षण, नसल्यास रंगाच्या साहित्याच्या खर्चावर 50 टक्के घसारा कापला जातो आणि नो क्लेम बोनसही जातो. शिवाय विमा कंपनीने पैसे दिले की बिल्डरकडून वसुलीचा हक्क तेवढ्यापुरता तिच्याकडे जातो, म्हणून विमा आणि तडजोड या दोन्ही वाटा कंपनीला न कळवता एकाच वेळी चालू नका. आपण पत्रात कळवलेला कोटेशनचा आकडा 46 हजार आहे. मी असतो तर आधी बिल्डरकडेच मागणी केली असती.

ती मागणी बिल्डर आणि ठेकेदार या दोघांना, पोचपावतीसह, पंधरा दिवसांच्या मुदतीच्या नोटिशीने करा. दुरुस्तीचा खर्च, तज्ज्ञाच्या तपासणीचे शुल्क आणि गाडी बंद असलेल्या दिवसांचा पर्यायी प्रवासखर्च पावत्यांसह मागा; पुनर्विक्रीची घटलेली किंमत सिद्ध करणे अवघड आहे, तिच्यावर भिस्त ठेवू नका. नोटिशीत एक वाक्य न चुकता घाला: त्या रात्रीच्या रेडी मिक्स काँक्रीटची चलने आणि स्लॅब भरल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. मिक्सर कधी आला हे चलनावर असते, आणि जी गोष्ट विशेषकरून प्रतिपक्षाच्याच माहितीतली आहे ती सिद्ध करण्याचा भार साक्ष्य अधिनियमाच्या कलम 109 प्रमाणे त्याच्यावर येतो. ठेकेदार मध्यंतरी पाच हजार देऊ लागला, तर ‘अंशतः, उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असे लिहून पावती द्या. तो तयार नसेल तर पैसे घेऊ नका.

उत्तर न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा लावण्याआधीच ते लोकअदालतीपुढे ठेवण्यासाठी, अर्ज करा. लोकअदालतीत न्यायालय शुल्क लागत नाही आणि तेथील तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, मात्र दोन्ही पक्षांची संमती हवी. ती न मिळाल्यास कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागेल, त्यासाठी मुदत कायद्याच्या अनुच्छेद 91 प्रमाणे, काँक्रीट पडले त्या तारखेपासून तीन वर्षे आपल्या हाती आहेत. नोटिशीचा मसुदा आपण तयार केलात तर पाठवण्यापूर्वी मला दाखवा. कोटेशनची आणि जाडीच्या नोंदीची प्रत सोबत जोडा.