विचारें मना तूंचि शोधूनि पाहे

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

रविवारच्या मराठी वर्गातून परतताना तू विचारलेस की, मनाच्या श्लोकांत समर्थ रामदास सारखे 'मना' अशी हाक का मारतात, आणि मन जर आपलेच असेल तर त्याला वेगळे काही सांगावे तरी का लागते. गाडीत बसून चार वाक्यांत संपवावा असा हा प्रश्न नव्हे, म्हणून हे पत्र.

ते २०५ श्लोक तुम्ही एकत्र म्हणता खरे, पण त्यांतले बोलणे ज्याचे त्याने स्वतःशी करायचे आहे. अकराव्या श्लोकात 'विचारें मना तूंचि शोधूनि पाहे' असे आहे. हा शोध दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आपण इतरांशी खोटे बोललो तर निदान आपल्याला तरी खरे ठाऊक असते. स्वतःशी खोटे बोलू लागलो की ते पकडणारेच कोणी उरत नाही.

विज्ञान स्पर्धेत तुझी निवड झाली नाही, तेव्हा 'मला त्यात रसच नव्हता' असे तू म्हणालीस. पण तुझ्या टेबलावर नियमांचा कागद घड्या पडून मऊ झाला होता आणि त्याच्या समासात तुझ्या बारीक अक्षरातल्या टिपा होत्या. मैत्रिणींना काय सांगायचे, हा तुझा अधिकार. मला काळजी एवढीच वाटते की, तेच वाक्य चारदा म्हटल्यावर तुलाही खरे वाटू लागेल, आणि मग आवडत्या विषयाकडे तू पाठ फिरवशील.

तुकोबा म्हणतात, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता'. लोक काय म्हणतात यापेक्षा मनाची साक्ष मोठी मानण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते, मात्र साक्षीदार आपणच पढवलेला असेल तर त्या साक्षीला काय अर्थ?

याचा अर्थ स्वतःला बोल लावत बसावे असा मुळीच नाही. रामदासांनी मनाला 'सज्जना' म्हटले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सतत दटावलेले मन लपवायला शिकते, तर आदराने विचारलेले मन वाईट वाटल्याचेही निःसंकोच कबूल करते.

तुला रस नव्हता की वाईट वाटले, हे मला कळवले नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई