झी-नटचं कुपन कापलेलं कार्ड घ्यावं का?

सॅन होजेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तुम्हाला सॅन फ्रान्सिस्को सील्स या बेसबॉल संघाच्या एका खेळाडूचं 1920च्या दशकातलं झी-नट कार्ड दिसलं. खालची पट्टी कापलेली आहे, म्हणून तुम्ही अडलात. माझं ऐकाल तर अडू नका.

झी-नट म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलिन्स-मॅकार्थी कंपनीचा खाऊ. 1911 ते 1938 त्याच्याबरोबर पॅसिफिक कोस्ट लीग या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेसबॉल लीगच्या खेळाडूंची कार्डं मिळायची. मेजर लीगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचे, संघ कॅलिफोर्नियात आले 1958 साली, तोवर तिथल्या पोरांचे हिरो हेच खालच्या पातळीचे मायनर लीगवाले. बहुतेक वर्षांच्या कार्डांच्या तळाशी कुपन असायचं. ते कापून दिलं की बक्षीस! कोणतं पोरगं कुपन ठेवून देणार? म्हणून आज सापडणारी बहुतेक कार्डं बिनकुपनाची. कुपनासकट मिळालं तर किंमत कितीतरी पट, पण त्याची वाट बघत बसलात तर संग्रह सुरूच होणार नाही.

माझ्याकडे सॅक्रामेंटोच्या एका खेळाडूचं 1928चं कार्ड आहे. कात्री डावीकडून नीट निघाली आणि उजवीकडे वर घसरली, त्यात खेळाडूच्या बुटाचं टोक गेलं. मला ते फार आवडतं. अशी तिरकी, जुनी झालेली, कडेला जराशी पिंजलेली रेघ दिसली तर बिनधास्त घ्या.

खरी काळजी उरलेल्या तीन बाजूंची करा. इथे मी स्वतः फसलोय. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या कार्डाच्या तिन्ही कडा इतक्या धारदार होत्या की मी खूश झालो. घरी त्याच वर्षाच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिलं तर रुंदीला जवळजवळ दीड मिलिमीटर कमी! झिजलेल्या कडा लपवायला कुणीतरी अलीकडे छाटलं होतं. कुपन गेलं तर फक्त उंची कमी होते, रुंदी नाही. म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी आणि त्याच वर्षाचं, खात्रीचं कार्ड सोबत न्या. तुमच्याकडे नसेल तर मी देतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही न्या. कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, म्हणजे कार्ड नक्कल.

वर्ष समोर छापलेलं असेल तर प्रश्नच नाही. 1933 ते 1936च्या कार्डांत मात्र घोळ होतो, कारण कुपनावरची मुदतीची तारीखच वर्ष सांगायची आणि तीच कापली गेलेली. याच काळातलं, पुढे बेसबॉलचा मोठा तारा झालेल्या जो डिमॅजिओचं कार्ड सगळ्यांना हवं असतं. 1933मध्ये त्याने सील्सकडून सलग 61 सामन्यांत हिट मारले, आणि त्या कार्डावर त्याचं आडनाव चुकून ‘DiMaggio’ऐवजी ‘DeMaggio’ छापलंय. बेसबॉल खेळणारे भाऊ तिघे, तिघेही सील्सकडून खेळले, तेव्हा पैसे मोजण्याआधी पहिलं नाव वाचा.

अनोळखी खेळाडू आहे म्हणूनही कमी लेखू नका. त्यातल्या कित्येकांचं दुसरं कार्ड कधी निघालंच नाही.

रुंदी मोजलीत की आकडा इथेच टाका, मी माझ्याकडच्या त्या वर्षाच्या कार्डांशी ताडून सांगतो. आणि दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून चिकटपट्टी लावली असेल, तर ती त्यालाच काढायला सांगा, तुमच्यासमोर.