आधी अडणारे मशीन शोधा

उत्पादनाच्या नियोजनाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांचे मूळ बरेचसे त्यातच आहे.

प्रश्न : भोसरीत माझे मशीन शॉप आहे. संगणकावर चालणाऱ्या चार सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगची संगणकी मशीन), दोन पाळ्या. या महिन्याचे शेड्यूल २,४०० फ्लँज आणि १,८०० ब्रॅकेटचे आहे. व्हीएमसीवर फ्लँजला ९ मिनिटे लागतात, ब्रॅकेटला १२. हिशेबात सगळे बसते, तरी दर महिन्याचा शेवटचा आठवडा रात्री जागून काढावा लागतो आणि माल अपुराच जातो. चुकते कुठे?

पत्रासोबत महिन्याची लॉगशीट पाठवलीत, हे फार चांगले केलेत. त्यातलेच आकडे मांडतो.

दोन व्हीएमसी, दोन पाळ्या, २६ दिवस म्हणजे १०४ पाळ्या. आठ तासांनी ८३२ तास. फ्लँजला ३६० तास, ब्रॅकेटला ३६० तास, एकूण ७२०. तुम्ही इथेच थांबलात आणि ११२ तास शिल्लक आहेत असे समजलात. आता लॉगशीट काय सांगते ते पाहा. जेवण-चहाला प्रत्येक पाळीत पाऊण तास मशीन बंद, म्हणजे ७८ तास गेले. महिन्यात २६ वेळा सेटिंग बदलले, दर वेळी अडीच तास, म्हणजे ६५ तास गेले. उरले ६८९. ब्रेकडाऊन, वीज, गैरहजेरी यांत साधारण दहा टक्के जातात. हातात राहतात ६२० तास. शिवाय तीन टक्के रिजेक्शन धरले तर ७२० तासांच्या कामाला ७४२ तास हवेत. महिना सुरू होण्याआधीच तुम्ही १२२ तासांनी मागे असता. ही तूट शेवटच्या आठवड्यात डोळ्यांना दिसते, एवढेच.

तुमच्या शॉपमधले अडणारे मशीन, म्हणजे ज्यापाशी सगळे काम तुंबते ते, व्हीएमसी आहे. लेथवर वेळ शिल्लक आहे, डीबरिंगला (जॉबच्या धारदार कडा साफ करायला) माणसे बसून असतात. म्हणून नियोजनाचा कागद व्हीएमसीपासून सुरू करा. लेथ रोज किती जॉब काढू शकते याला महत्त्व नाही. व्हीएमसी जेवढे उचलेल तेवढेच लेथने काढायचे.

नवे मशीन घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. जेवणाच्या वेळी लेथचा एक ऑपरेटर व्हीएमसीवर उभा राहिला, तर ते ७८ तास परत मिळतात. पुढच्या जॉबचे फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट), टूल, ऑफसेट (टूलच्या मापांचे आकडे) मशीन चालू असतानाच तयार ठेवले, तर सेटिंग अडीच तासांवरून एका तासावर येते. मग ८३२ मधून फक्त २६ तास वजा होतात. राहिले ८०६, दहा टक्के सोडून ७२५. तूट १२२ वरून १७ तासांवर आली, म्हणजे सुट्टीच्या गुरुवारी दोन जादा पाळ्या. त्यांचा दुप्पट पगार द्या, बदली सुट्टी द्या. कोटेशनमध्ये न धरलेल्या रात्रपाळ्यांपेक्षा हे स्वस्त पडेल. आणखी एक. लेथवर बिघडलेला जॉब व्हीएमसीवर चढता कामा नये. तपासणी व्हीएमसीच्या आधी बसवा. तिथे वाया गेलेली बारा मिनिटे कुठूनही परत मिळत नाहीत.

ग्राहक शेड्यूल बदलतो, अशीही तुमची तक्रार आहे. तो बदलणारच. पुढचे तीन दिवस मात्र गोठवा आणि त्याला तसे लेखी कळवा : आज आलेला बदल चौथ्या दिवसापासून. बहुतेक ग्राहक हे मान्य करतात, कारण त्यांनाही रोज फोन करण्यापेक्षा एक खरी तारीख हवी असते.

प्रश्न : आमच्याकडे एका जॉबचे प्रत्यक्ष काम पाच तासांचेही नाही, पण कच्चा माल आल्यापासून डिस्पॅच व्हायला तीन आठवडे लागतात. ऑपरेटर हळू आहेत का? (वाळूज)

ऑपरेटरला बोल लावू नका. शॉप फ्लोअरवर अर्धवट पडलेला माल मोजा. समजा ३,००० जॉब आहेत आणि रोज १५० डिस्पॅच होतात. ३,००० भागिले १५०, म्हणजे आज आत आलेला जॉब सरासरी वीस दिवसांनी बाहेर पडणार. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम बँकेतल्या रांगेला लागू पडतो तसाच तुमच्या क्रेटना.

उपाय मन घट्ट करणारा आहे : आत माल कमी सोडा. रोज १५० बाहेर जात असतील, तर १५०च आत सोडा आणि साठलेला डोंगर उतरेपर्यंत काही दिवस १२०. लेथ थोडा वेळ उभी राहील. मालकाला उभे मशीन बघवत नाही, हे मी तीस वर्षे पाहिले आहे. मलाही सुरुवातीला बघवत नसे. पण साठा १,५०० वर आला की तोच जॉब दहा दिवसांत निघेल आणि ‘अर्जंट’ची लाल पट्टी फारशी लावावी लागणार नाही. बाहेर प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेला मालही याच मोजणीत धरा. तो डोळ्यांआड असतो म्हणून हिशेबातून सुटतो.

प्रश्न : सातपूरला इंजेक्शन मोल्डिंगच्या पाच मशीन आहेत. मोल्ड बदलायला तीन तास जातात म्हणून एकदा लावला की पंधरा दिवसांचा माल काढून ठेवतो. गोडाऊन भरलेले असते, पण ग्राहक मागतो तेच नसते.

तीन तास ही देवाची करणी आहे असे धरून तुम्ही चालला आहात. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्याचा चार तासांचा वेळ आधी दीड तासावर आणला आणि पुढे तीन मिनिटांवर. त्यांची विभागणी साधी होती : मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामे कोणती आणि ती चालू असताना करता येणारी कोणती. तुमच्याकडे मोल्ड शोधणे, होइस्ट मोकळा होण्याची वाट पाहणे, पाण्याच्या पाइपांच्या जोडण्या जमवणे, नायलॉन वाळवणे ही सगळी मशीन बंद करून होतात. नायलॉन ओलावा धरते. ते तीन-चार तास आधीच ड्रायरमध्ये जायला हवे, म्हणजे ड्रायरचीही वेळ नियोजनात लिहायला हवी.

दुसरे, रंगांचा क्रम. पांढऱ्यापासून सुरुवात करून पिवळा, लाल, निळा आणि शेवटी काळा असे फिके-ते-गडद जा. काळ्यानंतर पांढरा लावलात की बॅरल साफ करण्यातच वेळ आणि दाणा दोन्ही जातात. बदल एका तासावर आला, की पाच दिवसांचा माल काढा. गोडाऊनमध्ये अडकलेला पैसा मोकळा होईल.

प्रश्न : नियोजनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात सुरुवातीला एक्सेलची एक शीट आणि भिंतीवर एक पांढरा फळा पुरतो. फळ्यावर रोज तीनच गोष्टी : काल ठरलेले, काल झालेले, फरकाचे कारण. ही सवय सहा महिने टिकली, तर सॉफ्टवेअर घ्या. साठ्याचे आकडे खोटे असतील, तर सॉफ्टवेअर तेच खोटे आकडे झटपट छापून देईल.

प्रश्न : गणपतीत कोकणातली मुले जातात, छठला बिहारची. दर वर्षी लाइन बंद पडते.

मग ती तारीख अचानक आलेली नाही. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. त्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येकाला विचारा, कारण तिकीट निघाल्यावर सुट्टी नाकारून काही होत नाही आणि नाकारूही नये. सगळ्या मालाचा साठा करत बसू नका. अडणाऱ्या मशीनवरून निघालेला अर्धवट माल आठ दिवसांचा पुढे ठेवा. बाकीची कामे उरलेली माणसे उरकतात.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचत गट आहे. गेल्या दिवाळीत चकलीच्या ६०० किलोच्या ऑर्डरी घेतल्या आणि शेवटी १०० किलो देता आली नाही. दोन कढया आहेत, दिवसाला ४० किलो निघते. चिवडा, बेसनलाडूही असतात. (जि. सातारा)

ताई, ६०० भागिले ४०, म्हणजे पंधरा दिवस. पण तेही एकदासुद्धा सिलिंडर न संपता आणि कोणीही आजारी न पडता. दिवसाला ३५ किलो धरा. चकली महिनाभर आधी तळून ठेवता येत नाही, तिला जुन्या तेलाचा वास लागतो. म्हणून पंधरा दिवसांत ५२५ किलो ही तुमच्या दोन कढयांची मर्यादा. तिथे वही बंद करा किंवा तिसरी कढई आणा.

त्याआधी एक पाहा. कढई रिकामी किती वेळ असते? एक घाणा उतरतो तेव्हा पुढच्या घाण्याच्या चकल्या कागदावर पाडून तयार आहेत का? नसतील, तर तुमचे अडणारे मशीन सोऱ्या आहे, आणि आणखी दोन सोरे कढईपेक्षा पुष्कळ स्वस्त. लाडवांचे बेसनही त्याच कढईत भाजता का? मग ते तळण सुरू होण्याआधी भाजून ठेवा, लाडू नंतर वळा. तिखट-मीठ-तिळाच्या मोजलेल्या पुड्या घाण्यागणिक आधीच बांधा. गरम चकली पिशवीत भरू नका, निवायला जागा आणि वेळ दोन्ही धरा.

तारखा मात्र गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवू नका. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ते ८ नोव्हेंबरला येते. दसरा झाल्याबरोबर, २१ ऑक्टोबरपासून तळायला बसलात, तर ४ नोव्हेंबरला पंधरा दिवस भरतात, म्हणजे ऐन वसुबारसेच्या तोंडावर. परदेशी मुलांकडे जाणारी पार्सले पहिल्या दिवसांत काढा, गावातल्या ऑर्डरी शेवटी. भाजणी घटस्थापनेआधी दळून डब्यांत भरलेली हवी. धुतलेले तांदूळ आणि डाळी वाळायला ऊन लागते आणि सप्टेंबरात त्याचा भरवसा नसतो, तेव्हा त्या कामाला चार दिवस जास्त धरा.